आधी शेजाऱ्याला घेऊ दे!

बेळगावच्या उद्यमबागेत, मच्छेत किंवा होनग्यात तुमची फाउंड्री, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना असेल तर नव्या तंत्रज्ञानात पहिला नंबर लावू नका. पहिल्याने हात भाजून घ्यायचे, दुसऱ्याने बघायला जायचं, तिसऱ्याने ‘मी तेव्हाच सांगितलं होतं’ म्हणायचं. तिसरी जागा धरा, तिला भांडवल लागत नाही.

सध्या वाळूच्या थ्री-डी प्रिंटरचं खूळ आहे. ड्रॉइंगची फाइल दिली की वाळूचा साधारण ०.३ मिलीमीटरचा थर, त्यावर वाळू चिकटवणारा बाइंडर, पुन्हा थर, असं करत साचा नि कोअर (आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा) थेट तयार. साचा उठवायचा नमुना, म्हणजे पॅटर्न नाही, कोअर पाडायचा कोअरबॉक्स नाही. आपल्याकडच्या हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बॉडीतले आडवेतिडवे तेलाचे मार्ग एकेक कोअर चिकटवत काढावे लागतात, ते म्हणे यात अखंड निघतात. असं कुणी सांगू लागला की मध्येच तोडा, ‘किलोला किती पडतंय ओ?’ आणि दहा हजार ब्रेक ड्रमच्या ऑर्डरवर हिशेब लावा. मशीन हमखास हरतं. (दहा सॅम्पलचा हिशेब चुकूनही मांडू नका, तिथे पॅटर्नचाच खर्च डोक्यावर बसतो.)

सगळ्यांनी मिळून एक मशीन घ्यायचा विषय निघाला तर भजी खाऊन पाठिंबा द्या. ड्रॉइंग द्यायची वेळ आली की गोपनीयतेचा मुद्दा काढा. तुमचे नि समोरच्याचे पॅटर्न एकच मिस्त्री करतो, तुमचा सुपरवायझर परवापर्यंत समोरच्याकडेच होता, हे तिथे बोलायचं नाही.

सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर मात्र जरूर घ्या. लोखंड साच्यात कसं भरेल, शेवटी कुठे थिजेल, पोकळी कुठे पडेल, सगळं ओतण्याआधी रंगीत दिसतं. ऑडिटच्या दिवशी स्क्रीन चालू ठेवा. रायझर (थिजताना आकसणाऱ्या लोखंडाला भर घालणारा साठा) कुठे बसवायचा ते जुन्या मोल्डरलाच विचारा आणि रिजेक्शन वाळूतल्या ओलीवर ढकला. बेळगावचा पाऊस त्यासाठीच आहे.

विजेच्या गाडीला ओतीव सिलिंडर हेड लागत नाही, मॅनिफोल्ड लागत नाही. असू दे, ट्रॅक्टर आहे की!

राहता राहिला मुलगा. व्हीटीयूची मेकॅनिकलची पदवी घेऊन तो म्हणेल, ‘पप्पा, मशीन नको, निदान दोन कोअर बाहेरून छापून आणूया.’ त्याला जीएसटीच्या कामाला जुंपा. कंटाळून पुण्याला जाईल, तिथे कुठल्या कंपनीत परचेसला लागेल, आणि एक दिवस त्याचाच फोन येईल: ड्रॉइंग मेल केलंय, सॅम्पल आठ दिवसांत हवंय. सांगा त्याला, पॅटर्नवाला गणपतीला गावाकडे गेलाय, विसर्जन झाल्यावर बघू की.