पासीघाट ते दिब्रुगड राफ्ट सहल: दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तक्रार थोडक्यात अशी की राफ्टिंग म्हणून पैसे घेतले पण लाटा नव्हत्याच, उलट उतरून राफ्ट ढकलावी लागली, गाईडला रस्ता माहीत नव्हता आणि दिब्रुगडच्या हॉटेलऐवजी शेवटची रात्र वाळूवर तंबूत काढावी लागली.

लाटांचं आधी. उसळतं पाणी अरुणाचलातल्या पासीघाटच्या वर, डोंगरात. पासीघाटला सियांग नदी सपाटीला लागते, ओढ कमी होते, बरोबर आणलेले गोटे-वाळू तिथेच टाकते आणि वेणीच्या पेडांसारखी फुटत-जुळत पुढे जाते. दिबांग आणि लोहित येऊन मिळाल्या की तीच ब्रह्मपुत्रा. ही संथ पाण्याची सहल आहे, हे माहितीपत्रकात पहिल्याच पानावर छापलंय.

आता रस्ता. तो तिथे नसतोच हो! दर पावसाळ्यात प्रवाह जागा बदलतात. गेल्या हिवाळ्यातला खोल फाटा यंदा कोरडा सापडतो. गाईड प्रत्येक फाट्यापाशी राफ्टमध्ये उभा राहत होता, तो चुकला म्हणून नव्हे. पाण्यावर आडवी बारीक थरथर दिसली की खाली गोटे वर आलेत असं समजायचं. उभ्या कापलेल्या काठालगतचं गडद, गुळगुळीत पाणी खोल. तरीही डिसेंबरात पाणी उतरलेलं असतं, तळाला खरखर लागतेच, आणि मग वजन कमी करायला उतरावंच लागतं.

वाळूवर मुक्काम करायचा निर्णय माझ्या टीमचा, आणि पुन्हाही ते तोच घेतील. सकाळी धुकं उशिरा उठलं, दुपारी वारा समोरून. डिसेंबरात तिकडे सूर्य साडेचारच्या आत मावळतो, पुण्या-मुंबईच्या माणसाला ते पटकन ध्यानात येत नाही. पाण्यात अडकलेली झाडं आणि ढासळते काठ अंधारात दिसत नाहीत. १९५० च्या भूकंपानंतर नदीचा तळ गाळाने वर आला आणि दिब्रुगडचा बराच भाग याच नदीने कापून नेला. शहर आज बांधाच्या आड आहे. अशा काठाला रात्री राफ्ट लावणं मला मंजूर नाही.

हॉटेलचं भाडं बुकिंगच्या अटींप्रमाणे परत मिळत नाही. तंबू आणि जेवणाचे जादा पैसे आम्ही लावलेले नाहीत.

लाटाच हव्या असतील तर कोलाडची कुंडलिका नदी घ्या. धरणाचं पाणी सुटलं की राफ्ट निघते, जेवायच्या वेळेला तुम्ही बाहेर. पावसाळ्यातल्या बॅचसाठी ऑफिसला फोन करा.