‘जन्मभराचं’ डिफरन्शियल ऑइल आणि एक फॉरवर्ड

जळगाव-धुळ्याकडच्या जीपवाल्यांमध्ये एक मेसेज जोरात फिरतोय: ‘‘जुन्या फोर बाय फोरचं डिफरन्शियल उघडू नका. आतलं ऑइल जन्मभराचं असतं. नवं टाकलं की क्राऊन-पिनियन ओरडतात. पुढचं तर वापरातच नसतं. कमी वाटलं तर कुठलंही नव्वद नंबर टाका, आणि जरा जास्तच टाका.’’

डिफरन्शियल म्हणजे इंजिनाची ताकद डाव्या-उजव्या चाकांना वाटून देणारा, एक्सलमधला गिअरांचा संच. पिनियन हा त्यातला छोटा गिअर, क्राऊन हा मोठा. ‘नव्वद नंबर’ म्हणजे ऑइलाचा जाडपणा. आता आधी ‘जन्मभराचं’. इथे इंजिनासारखी काजळी होत नाही, म्हणून हे ऑइल सावकाश खराब होतं, एवढं खरं. पण हायपॉइड गिअरमध्ये पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेखाली बसतो, त्यामुळे दात एकमेकांवर घासत सरकतात. तो दाब झेलायला ऑइलात गंधक-फॉस्फरसची द्रव्यं असतात, ती वापरानं संपत जातात. फिल्टर नसल्यामुळे लोखंडाची पूडही आतच फिरते.

त्याहून वाईट म्हणजे पाणी. सातपुड्याचा घाट उतरून आलेली गाडी अनेरच्या पात्रात घातली, की तापलेलं हौसिंग (डिफरन्शियलचं कवच) एकदम गार पडतं, आतली हवा आकसते आणि बाहेरून ओढ घेते. ब्रीदर, म्हणजे हौसिंगमधून हवा ये-जा करायचं छोटं तोंड, मोकळा आणि पाण्याच्या वर असेल तर हवा आत येते. काळ्या मातीनं बुजलेला असेल तर सीलमधून, म्हणजे ऑइल अडवणाऱ्या रबरी कड्यांमधून, पाणीच येतं. मग प्लग काढल्यावर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं. त्यावर टॉप-अप करून काय साधणार? पूर्ण काढा आणि ब्रीदर साफ करा.

आवाजाचं म्हणाल तर तो नव्या ऑइलानं तयार होत नाही. दात आणि बेअरिंग आधीच गेलेले असतात, जुना घट्ट गाळ ते झाकत असतो, इतकंच. (आवाज दाबायला डिफरन्शियलमध्ये केळी कोंबून गाडी विकायची, असा किस्सा परदेशात सांगतात. केळी पिकवणाऱ्या रावेर-यावलच्या मंडळींनी मनावर घेऊ नये.) भुसावळच्या ४५ अंशांत ८५डब्ल्यू-१४० हे जास्त जाड ऑइल घालायचं असेल तर घाला, पण गाडीच्या पुस्तिकेत ते चालतं म्हटलेलं असेल तरच.

पुढचं डिफरन्शियल? फ्री-व्हील हब (पुढची चाकं एक्सलपासून सोडवणारे) नसतील तर टू-व्हीलमध्येही ते चाकांबरोबर फिरत असतं. हब असले तरी नदीत पुढचं-मागचं दोन्ही सारखीच बुडतात.

‘कुठलंही नव्वद’ हे मात्र महागात पडतं. डब्यावर ८०डब्ल्यू-९० सारखंच दिसलं तरी जीएल-४ आणि जीएल-५ (दाब झेलायच्या ताकदीचे दर्जे) वेगळे. हायपॉइडला जीएल-५ लागतं. तेच उरलेलं जुन्या गिअरबॉक्समध्ये ओतलं, तर त्यातली काही ऑइलं गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगा खातात. डिफरन्शियल लिमिटेड स्लिप (एकच चाक मोकळं गरगरू न देणारं) असेल तर त्याचं वेगळं अ‍ॅडिटिव्ह लागतं.

काम करताना फिलर प्लग (ऑइल भरायच्या भोकाचं बूच) आधी सोडवा. तो जाम निघाला आणि ऑइल काढायचा खालचा ड्रेन प्लग आधीच मोकळा केलेला असेल, तर रिकामं हौसिंग घेऊन बसाल. काही एक्सलना ड्रेन प्लगच नसतो, मागचं कव्हर उघडावं लागतं. प्लगच्या चुंबकावर राखाडी, मऊ लगदा असणारच. बोटाला टोचणारा तुकडा (दाताचा किंवा बेअरिंगचा) लागला तर मात्र ऑइल भरून गाडी बाहेर काढू नका.

राहिलं ‘जरा जास्तच’. गाडी सपाट जागेवर उभी करून फिलरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरायचं, बस. त्यावरचं ऑइल सील ढकलून मागच्या ब्रेक ड्रममध्ये उतरतं. भिजलेले ब्रेक लायनर घेऊन तोरणमाळचा घाट उतरायचाच असेल, तर मेसेज पाठवणाऱ्या भाऊला शेजारी बसवा.