गुन्हेदर घटवण्याचा घरगुती उपाय

आपला एरिया सुरक्षित असावा असं कुणाला वाटत नाही? त्यासाठी दिवे लावा, गस्त वाढवा, पोलिसांची रिकामी पदं भरा असले खर्चिक सल्ले देणारे पुष्कळ भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. एरियाचं नाव गुन्हा घडल्यानं खराब होत नाही, नोंदवल्यानं होतं. एवढं एकदा पटलं की पुढचं सगळं सोपं आहे, आणि मुख्य म्हणजे फुकट.

सुरुवात मोबाइलपासून करा. समजा, स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत उभे असताना मागून आलेल्या बाइकवाल्यानं तुमच्या हातातला फोन खेचला. तुम्ही तावातावानं पोलीस ठाण्यात जाता. तिथे शांतपणे प्रश्न येतो, "कुठे हरवला?" या प्रश्नात केवढा सुज्ञपणा आहे बघा. 'हरवला नाही हो साहेब, खेचला,' असा हट्ट धरलात, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३०४ लागणार, पंचनामा होणार, फुटेज मागवावं लागणार, आणि त्या बिचाऱ्या अंमलदाराच्या टेबलावर आणखी एक फाइल चढणार. हरवला म्हणालात, की गहाळ झाल्याचा दाखला हातात. त्यावर नवं सिम मिळतं, तुम्ही ऑफिसला वेळेवर पोहोचता, एरियात गुन्हा घडलेलाच नसतो. एकाच नाक्यावर महिनाभर लोकांचे फोन हरवत राहिले तर त्याला गुन्हेगारी म्हणत नाहीत. तो स्मरणशक्तीचा प्रश्न आहे. बदाम खा.

पर्स स्टेशनच्या पुलावर गेली असेल तर तुमच्यासारखे नशीबवान तुम्हीच. लोहमार्ग पोलिसांचं आयुक्तालय वेगळं, ठाणी वेगळी. चोराचा हात पर्समध्ये शिरला तेव्हा तुम्ही नेमक्या कितव्या पायरीवर होता, याचा निकाल लागेपर्यंत तुमची शेवटची लोकल निघून जाते आणि तुम्हीही. कुठल्याही हद्दीतला दखलपात्र गुन्हा कुठल्याही ठाण्यानं नोंदवून घ्यायचा असतो, ही झिरो एफआयआरची सोय १ जुलै २०२४ पासून कायद्याच्या कलमातच लिहून ठेवली आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३. कृपया शेजारीपाजारी हे सांगत फिरू नका. तसंच दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणं बंधनकारक असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ललिता कुमारी खटल्यात २०१३ सालीच सांगितलं आहे, तेही. एवढी वर्षं ते फारसं कुणाला त्रास न देता पडून आहे, तसंच राहू द्या.

आता थोडं गणित. गुन्हेदर म्हणजे लाख लोकसंख्येमागे नोंदलेले गुन्हे. अंश तुमच्या हातात, छेदाची काळजी सरकार घेतं. २०११ च्या जनगणनेत मुंबई महापालिकेच्या हद्दीत साधारण १ कोटी २४ लाख माणसं मोजली गेली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या महानगरांच्या तक्त्यात मात्र मुंबईसमोर असते १८४.१ लाख, म्हणजे ठाणे, कल्याण, मीरा रोड धरूनची महानगरवस्ती, तीही २०११ सालचीच. तेव्हा डोंबिवलीकर सकाळच्या लोकलमध्ये पाय तुडवतो म्हणून चिडू नका. तक्त्यात तो तुमच्या सुरक्षिततेला हातभार लावतो आहे. शिवाय एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असले तरी त्यातला सर्वांत गंभीर तेवढा आकड्यात मोजतात. चोर घरात शिरला, धमकावलं, मारलं आणि कपाट रिकामं करून गेला, तरी गणतीत एकच. उरलेलं घाऊकमधली सूट समजा.

बायकांच्या सुरक्षिततेचा उपाय तर आपल्याकडे परंपरेनंच ठरलेला आहे: त्यांना बाहेर सोडू नका. ज्या गल्लीतून रात्री नऊनंतर एकही बाई चालत नाही, तिथे छेडछाडीची तक्रार येणार कुठून? गल्ली सुरक्षित ठरली. कोपऱ्यावरचा दिवा गणपतीपासून बंद असेल तर वॉर्ड ऑफिसला अर्ज कशाला, मुलीला लवकर घरी यायला सांगा. सेकंड शिफ्ट असेल तर नोकरी बदलायला सांगा. तिनं १०३ ही हेल्पलाइन लावली, तर तुम्हीच फोन घेऊन 'काही नाही, घरगुती गैरसमज' म्हणा. गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहणाऱ्या त्या टोळक्याला मात्र काही बोलू नका. त्यातला एक सोसायटीच्या सेक्रेटरींचा भाचा आहे, आणि मुलं आहेत, उभी राहायचीच.

सोसायटीच्या बाबतीत कडक राहा. घरकामाच्या मावशी, वीस वर्षं येत असल्या तरी, जाताना पिशवी उघडून दाखवतीलच हे बघा. डिलिव्हरीवाल्याला नाव, फ्लॅट नंबर, सही, फोटो आणि वेगळी लिफ्ट. काळ्या काचांची मोठी गाडी आली की वॉचमननं सलाम ठोकून गेट उघडावं, कारण चोर गाडीतून येत नाहीत असा आपला अभ्यास आहे. कॅमेरे सोळा असावेत. चालू असण्याची सक्ती नाही. वॉचमनला बारा तासांच्या ड्युटीत झोप येते, अशी तक्रार करणाऱ्यांना एजीएममध्ये विचारा, तिसरा वॉचमन ठेवला तर मेंटेनन्स किती वाढेल? सगळे एकदम चहाकडे वळतात.

एवढं करूनही बी विंगमध्ये दिवसाढवळ्या घर फुटलं, तर त्या घरमालकाला एकटं सोडू नका. तो पोलीस ठाण्यात पोहोचायच्या आत कमिटीनं त्याच्या घरी जावं. कपाटाकडे बघून हळहळावं, पाणी मागावं आणि मग सावकाश सांगावं, की पेपरात सोसायटीचं नाव आलं तर चौरस फुटाचा रेट पडतो, रिडेव्हलपमेंटची बोलणी चालू आहेत, बिल्डर आधीच काठावर आहे. मंगळसूत्र काय, पुन्हा घेता येईल. माणूस समजूतदार असतो हो, दागिन्यांपेक्षा फ्लॅट महाग आहे हे त्याला कळतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणायचे पूर्वी. आता दोन कोटींची धरा, तेही वन बीएचके असेल तर.

आणि वर्षभरानं तोच माणूस फ्लॅट विकायला काढेल, एजंट 'एकदम सेफ एरिया, फॅमिली क्राउड' म्हणत गिऱ्हाईक घेऊन येईल, आणि एखादा चौकस नवरा खिडकीचे गज हलवून बघत तुम्हाला विचारेल, "काका, इथे चोऱ्याबिऱ्या होतात का?" अजिबात गडबडू नका. बेधडक सांगा, माझ्यावर विश्वास ठेवू नका, पोलीस ठाण्यात जाऊन विचारा.