"मंग यायच्या सुट्ट्या काहून कापल्या?"

राजेहो, पोस्ट लांब आहे. टेबलावर बसणाऱ्यांनी वाचा आणि फिल्डवर फिरणाऱ्यांनी तर वाचाच.

मी ३१ वर्षं सरकारी नोकरी केली, त्यातली १४ आस्थापनेच्या, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या रजा-पगाराच्या टेबलावर. मागच्या वर्षी रिटायर झालो. लोकांना वाटते बाबूला सगळे नियम पाठ असतात. तसं काही नसते. बाबूला मागच्या फाईलीत काय केलं होतं तेवढं पाठ असते, अन तेच तो पुढच्या फाईलीत चिपकवते. मीही तेच केलं, आणि एका माणसाचं नुकसान केलं. तेच सांगायचं आहे, ड्युटीवर इजा झाली तर कोणती रजा मिळते ते.

जुलै २०२३ आठवते का? यवतमाळ जिल्ह्यात पाण्यानं कहर केला होता, महागाव तालुक्यात लोकांना काढायला हेलिकॉप्टर बोलवावं लागलं. पाणी ओसरलं की आमचे लोक पंचनाम्याला. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक, तिघांनी मिळून बांधावर जायचं, कपाशी किती वाहून गेली, सोयाबीन किती सडलं ते लिहायचं, वरून रोज फोन की आकडे कुठं आहेत. तर आमचा एक सहायक आणि भाड्याच्या बोलेरोचा ड्रायव्हर, दोघंच संध्याकाळी परत येत होते. रपट्यावरचं, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावरचं पाणी उतरलं होतं पण गाळ होता बोटभर, गाडी सरकली आणि कलंडून नाल्यात. सहायकाच्या मांडीचं हाड मोडलं, नागपूरले नेऊन रॉड टाकला. ड्रायव्हरचा उजवा हात मनगटात मोडला.

सहायक १६५ दिवस घरी होता. साडेपाच महिने. त्याच्या घरच्यांनी फोन केला तेव्हा मी फोनवरच सांगून टाकलं, मेडिकल टाका. म्हणजे परिवर्तित रजा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वर्षाला २० दिवस अर्धवेतनी रजा जमा होते, डॉक्टरचं सर्टिफिकेट लावलं की ती पूर्ण पगाराची करता येते पण मग एका दिवसाला दोन दिवस कापले जातात. त्याच्या खात्यात १२० होत्या, त्या ६० दिवसांतच संपल्या. मग अर्जित रजा, म्हणजे नोकरीत जमा होत जाणारी पूर्ण पगाराची रजा, होती ७५, तीही साफ. शेवटचे ३० दिवस बिनपगारी. जानेवारीत काठी घेऊन हजर झाला तेव्हा रजेचं पान कोरं होतं. मी सुंदर अक्षरात नोंदी घेतल्या होत्या, वर सही शिक्का. माझं अक्षर चांगलं आहे हे सगळे म्हणतात.

त्या बिनपगारी महिन्यात वहिनी ऑफिसात आल्या होत्या. भांडायला नाही, विचारायला. म्हणे, "भाऊ, पंचनामा सरकारचा होता, गाडी सरकारनं लावलेली होती. मंग यायच्या सुट्ट्या काहून कापल्या?"

मी म्हटलं, "नियमच आहे वहिनी."

कोणता नियम ते मला माहीत नव्हतं. पुस्तक माझ्या मागच्याच कपाटात होतं.

रिटायर व्हायला चार-पाच महिने असताना दुसऱ्या ऑफिसातल्या एका तलाठ्याच्या रजेचा आदेश माझ्या हाती आला. रेतीवाल्यांनी ट्रॅक्टर अंगावर घातला होता त्याच्या. आदेशात संदर्भ लिहिला होता, नियम ७५. हा कोणता म्हणून पुस्तक काढलं, महाराष्ट्र नागरी सेवा रजा नियम १९८१. ७५ म्हणजे कोणी मुद्दाम इजा केली तर विशेष विकलांगता रजा. आणि त्याच्या खालीच ७६, कामावर असताना अपघातानं इजा झाली तरी तीच रजा. १९८१ पासून छापलेलं आहे बाप्पा! मी १४ वर्षं त्या पुस्तकाकडं पाठ करून बसलो होतो.

या रजेत काय मिळते ते नीट वाचा. एका इजेसाठी जास्तीत जास्त २४ महिने. पहिले १२० दिवस अर्जित रजेसारखा पूर्ण पगार, त्यापुढं अर्धवेतनी रजेएवढा. आणि ही रजा तुमच्या रजेच्या खात्यातून कापत नाहीत. म्हणजे आमच्या माणसाला १२० दिवस पूर्ण आणि उरलेले ४५ दिवस अर्धा पगार मिळाला असता, आणि त्याच्या ७५ अर्जित रजा तशाच्या तशा राहिल्या असत्या. रिटायर होताना ३०० दिवसांपर्यंत रजेचे पैसे मिळतात, त्यातले हे ७५ दिवस, अडीच महिन्यांचा पगार, मी त्याच्या खिशातून काढला. विकलांगता हा शब्द पाहून लोक घाबरतात, वाटते कायमचा लुळा झाला तरच. तसं नाही हो, हाड जुळेपर्यंत तुम्ही काम करू शकत नाही, तेवढंच.

अट काय, तर इजा घटनेपासून तीन महिन्यांत दिसून आली पाहिजे आणि माणसानं ती लवकरात लवकर ऑफिसला कळवली पाहिजे. सगळी गोम इथं आहे. आपल्याकडं कळवतात कसं, तर व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी तरी फोटो टाकते, खाली पंचवीस जण हात जोडतात आणि झालं. आवक रजिस्टरला, म्हणजे ऑफिसात येणाऱ्या कागदांच्या वहीत, एक ओळ नाही, पोलीस स्टेशनला नोंद नाही. दवाखान्याच्या कागदावर नुसतं गाडीचा अपघात, ड्युटीवर होता की सासरी चालला होता काही कळत नाही.

तर मी त्याच्याकडून अर्ज लिहून घेतला की घेतलेली रजा या रजेत बदलून द्या. रजेचा प्रकार असा मागाहून बदलून मागणं हा काही हक्क नाही, मंजूर करणाऱ्याच्या हातात असते, तरी म्हटलं पाठवू. फाईल वर गेली, मी रिटायर झालो, आणि या दिवाळीच्या आधी ती त्रुटी लागून परत आली. इजा कर्तव्यावर असतानाच झाल्याचा त्या दिवसाचा पुरावा जोडावा म्हणे. आता माझ्या जागेवर जो पोरगा आहे त्यानं मला फोन केला. त्रुटी चुकीची आहे असंही म्हणता येत नाही, मी असतो तर मीही हीच काढली असती.

मधेच एक सांगतो, कोणी तरी त्या सहायकाला सल्ला दिला की आता बांधावर चालता येत नाही तर व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती घे. घेऊ नको म्हटलं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात कलम २० आहे, नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारला त्या माणसाला काढता येत नाही की खालच्या पदावर टाकता येत नाही, जमेल असं दुसरं काम द्यायचं, त्याच पगारावर. सल्ले देणारे लय असतात, कलम वाचणारे कमी. मी तर बोलूच नये.

पुराव्यासाठी डोकं खाजवता खाजवता लॉगबुक आठवलं, गाडीचं. ते ड्रायव्हरकडं होतं.

गेलो त्याच्या गावाला. पोरगं आता दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवते, मनगट पूर्ण वळत नाही. लॉगबुक पलंगाखालच्या पेटीतून काढलं, पानं पाण्यानं फुगून कडक झालेली, पण त्या तारखेची ओळ वाचता येते. सकाळचे किलोमीटर, गावांची नावं, प्रयोजन पंचनामा, खाली सहायकाची सही. परतीचे किलोमीटर लिहिलेले नाहीत. "घेऊन जा जी," म्हणे. मग थोडं थांबून, "साहेब, माह्यं बी काही होते का?"

त्याला गाडीच्या ठेकेदारानं दोन हजार दिले होते हातात आणि दुसरा ड्रायव्हर लावला. रजा बिजा त्याला लागूच नाही, तो सरकारी नाही ना. पण अपघात झाला तेव्हा १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा लागू होता (तो नोव्हेंबर २०२५ पर्यंत होता), त्यात तात्पुरतं अपंगत्व असेल तर दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या २५ टक्के. त्याचा पगार ११ हजार, म्हणजे पंधरवड्याला २,७५० रुपये, महिन्याला साडेपाच हजार. तीन महिने हात प्लास्टर आणि पट्टीत होता, बेरीज तुम्हीच करा. एकाच गाडीत, एकाच नाल्यात पडलेली दोन माणसं आहेत ही.

आणि त्या कायद्यात दावा करायची मुदत होती घटनेपासून दोन वर्षं. ती जुलै २०२५ मध्येच संपली.

सबळ कारण असेल तर उशिराचा दावाही घेता येतो, म्हणून मागच्या आठवड्यात त्याला घेऊन तालुक्याला वकिलाकडं गेलो. वकील म्हणे, उशीर काहून झाला ते लिहा. पोरगं माझ्याकडं पाहायला लागलं. मी म्हटलं लिहा, कोणी सांगितलंच नाही. माझं नाव टाकायचं असेल तर तेही टाका.

कोणाच्या घरी अशी केस असेल तर कमेंटमध्ये लिहू नका, इनबॉक्सला या. अर्जाचा नमुना टाईप करून ठेवला आहे.