खानापूरच्या ‘एक गुंठा, सात-बारावर नाव’ या मेसेजमध्ये काय खोटं आहे

गेले काही दिवस सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर भागातल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: “शिवाजी विद्यापीठाच्या उपकेंद्राशेजारी प्लॉट. तुकडेबंदी उठली, एन.ए.ची गरज नाही. एक गुंठा, सात-बारावर तुमचं नाव, 20 फुटी रस्ता. आज इसार भरा, बाकी नोटरीवर.” (तुकडेबंदी म्हणजे शेतजमिनीचे छोटे तुकडे पाडून विकायला बंदी, एन.ए. म्हणजे बिगरशेती वापराची परवानगी.) हा मेसेज माझ्या आत्यापर्यंत पोचला आणि तिनं पेन्शनची ठेव मोडायची तयारी केली, म्हणून हे लिहावं लागतंय.

आधी सगळ्यात घातक मुद्दा घेतो. “सात-बारावर नाव लागेल.” हो, लागेल. एवढं खरं आहे आणि लोक नेमके इथंच फसतात.

8 ऑगस्ट 2023 च्या अधिसूचनेनं बहुतेक जिल्ह्यांत, सांगलीतही, प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे ठरलं. त्याखालच्या शेतजमिनीचा तुकडा पाडून विकता येत नाही. मग एजंट काय करतो, एक एकर जिरायत रान घेतो, फक्कीनं 36 प्लॉट आखतो आणि 20-20 गुंठ्यांचे दोन दस्त करतो. एका दस्तात 18 जण. क्षेत्र 20 गुंठे असल्यामुळं दस्त नोंदवला जातो, फेरफार होतो आणि उताऱ्यावर 18 नावं येतात. पण ती येतात ‘सामाईक’ म्हणून. तुमच्या मालकीचा असतो 20 गुंठ्यांतला अठरावा अविभक्त हिस्सा. रानात रोवलेल्या, लाल रंगानं ‘14’ लिहिलेल्या दगडाची सरकारी दप्तरात कुठंही नोंद नसते. रस्त्याकडेचा प्लॉट तुमचा की शेजाऱ्याचा, हे फक्त एजंटच्या झेरॉक्स नकाशावर.

पुढं काय होतं ते नीट समजून घ्या. विकायला गेलात तर हिस्साच विकता येतो, प्लॉट नाही. बांधकाम परवानगीला बाकी सतरा जणांच्या सह्या लागतात. बँक चतुःसीमा (चारही बाजूंच्या हद्दी) मागते, त्या दाखवता येत नाहीत, म्हणून प्लॉटवर कर्ज नाही. एकानं दुसरं कुठलं कर्ज थकवलं तर बोजा सगळ्यांच्या उताऱ्यावर दिसतो. दोघं-तिघं वारले की वारसनोंदी होऊन अठरा नावांची चाळीस होतात. “नंतर वाटप करून घेऊ” म्हणणाऱ्यांनी तुकडेबंदी कायद्याचं कलम 8 वाचावं. तुकडा पडेल अशी विक्री जशी चालत नाही, तशी वाटणीही चालत नाही.

आणि घेणारा शेतकरी नसेल तर कुळकायद्याचं कलम 63 आडवं येतं. बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. घेतली तर कलम 84-क खाली जमीन सरकारजमा होऊ शकते. माझ्या आत्याच्या नावावर गुंठाभरही शेती नाही. एजंटनं ते विचारलं सुद्धा नाही.

“तुकडेबंदी उठली.” सरसकट उठलेली नाही. शहरी हद्दीतल्या आणि मंजूर आराखड्यात रहिवासासाठी दाखवलेल्या जमिनींवर 15 नोव्हेंबर 1965 ते 15 ऑक्टोबर 2024 या काळात पडलेले तुकडे फुकट नियमित करायची वाट 2025 च्या अध्यादेशानं मोकळी केली, हे मान्य. सांगली-मिरजेतल्या जुन्या गुंठेवारीवाल्यांना (गुंठ्या-गुंठ्यानं पाडलेले प्लॉट घेतलेल्यांना) त्याचा आधार आहे. पण शेती विभागातल्या रानात गेल्या महिन्यात आखलेला गुंठा त्यात बसत नाही. विद्यापीठ शेजारी आलं म्हणून शेती विभागाचा रहिवास विभाग होत नाही, त्यासाठी आराखडा बदलावा लागतो.

“एन.ए. लागत नाही.” जमीन महसूल संहितेच्या कलम 42-डनं गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतल्या जमिनीला वेगळ्या एन.ए. परवानगीतून मोकळीक दिली. हे अंतर नकाशातल्या गावठाणाच्या हद्दीपासून मोजतात, एस.टी. स्टँडपासून किंवा कमानीपासून नाही. शिवाय आत असलात तरी लेआउट (प्लॉट-रस्त्यांचा नकाशा) मंजुरी आणि बांधकाम परवानगी घ्यावीच लागते.

“20 फुटी रस्ता.” 20 फूट म्हणजे सहा मीटर. 2 डिसेंबर 2020 पासूनच्या राज्याच्या एकात्मिकृत बांधकाम नियमावलीत रहिवासी लेआउटचा आतला रस्ता किमान 9 मीटर लागतो आणि 4000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीत 10 टक्के मोकळी जागा सोडावी लागते. एकर म्हणजे 4047 चौरस मीटर. साधारण 63 मीटर लांबीचा 9 मीटर रस्ता धरला तर साडेपाच गुंठे, मोकळी जागा चार गुंठे; विकायला तीस-साडेतीस गुंठे उरतात. एजंटच्या एकरात गुंठ्याचे 36 प्लॉट आहेत. वरचे सहा गुंठे रस्ता आणि मोकळ्या जागेतूनच काढलेत.

“बाकी नोटरीवर.” सूरज लॅम्प विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्येच स्पष्ट सांगितलंय की साठेखत (पुढं विकण्याचा करार), कुलमुखत्यारपत्र किंवा मृत्युपत्रानं स्थावराची मालकी जात नाही, नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. नोटरी फक्त सही कुणाची हे सांगते.



इसाराआधी एवढी कागदं मागा: डिजिटल सहीचा ताजा सात-बारा (‘इतर अधिकार’ रकाना पूर्ण वाचा), मागचे सगळे फेरफार, नगर रचना कार्यालयाचा झोन दाखला, मंजुरीचा क्रमांक आणि तारीख असलेला लेआउट, भूमी अभिलेखची मोजणीची ‘क’ प्रत. प्लॉटिंग 500 चौरस मीटरच्या वर असेल तर महारेराचा (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा) नंबर मागा आणि तो त्यांच्या साइटवर स्वतः टाकून बघा. झोन दाखल्यावर ‘शेती विभाग’ दिसलं तर पुढचे कागद बघायचीही गरज नाही.

इसार देऊन बसलेल्यांनी पुढचा हप्ता थांबवा, वरची कागदं लेखी मागा आणि पावती जपून ठेवा. पैसे परत मिळाले तर ते बँक खात्यावरच घ्या. आणि 18 जणांच्या दस्तावर सही करायला दुय्यम निबंधकाकडं बोलावलं तर जाऊ नका.