‘भारी’ नको, किक ऐकू येते का ते सांगा

परत तेच. ‘भारी रे भावा! आग!’ आणि पुढे ज्वाळांची रांग. मी घरी केलेला हेवी मेटलचा ट्रॅक पाठवताना सरळ लिहिलं होतं, दुसऱ्या रिफला (गिटारच्या फिरून येणाऱ्या तुकड्याला) दोन्ही पायांचा डबल बास सुरू होतो तिथे किक, म्हणजे ड्रमसेटचा पायाने वाजवायचा ढोल, गिटारखाली गाडली जातेय का, तेवढंच सांग. मी विचारलं काय आणि तू सांगतोस काय!

खरंच वैताग आलाय. गाणं आवडलं का, हा प्रश्नच नाहीये. मला आवडलं म्हणून तर केलं. मला मिक्सबद्दल ऐकायचंय, कोणतं वाद्य कुठे बसलंय आणि कोण कोणाच्या अंगावर चढतंय. मेटलमध्ये ही मारामारी फार वाईट असते, कारण सगळ्यांना एकच जागा हवी असते. सात तारांची गिटार ड्रॉप एला लावली, म्हणजे सगळ्यात जाड तार खाली ए सुरापर्यंत उतरवली, की जाड तार 55 हर्ट्झवर वाजते. बास गिटार तिथेच, किकचा दणकाही तिथेच आसपास. त्यात डिस्टॉर्शनच्या दोन गिटारी, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे, 200 ते 400 हर्ट्झमध्ये नुसता चिखल करतात. गिटारचा तळ, म्हणजे खालचे सूर, कापला तर ती एकटी ऐकताना मरतुकडी वाटते, पण बासला श्वास मिळतो. नाही कापला तर एकटी ऐकताना झकास, आणि बाकीचे वाजायला लागले की सगळा लगदा. किती कापायचं, हे मी रोज रात्री ठरवतो आणि सकाळी बदलतो.

एकट्याच्या कानांवर ठरतच नाही, कारण माझी खोली. घोडबंदर रोडला फ्लॅट, 10 बाय 10 ची बेडरूम. दहा फुटांवरच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण 56 हर्ट्झची लाट अडकून बसते, म्हणजे जवळपास माझ्या जाड तारेचाच सूर. त्यात खोली चौकोनी, त्यामुळे दोन्ही बाजूंनी तेच. मधोमध बसलो की तो सूर गायब होतो. खुर्ची भिंतीला टेकवली की तोच सूर छातीत घुमतो. आता यातलं खरं कोणतं मानायचं? ‘अंड्यांचे ट्रे लाव’ म्हणणारे भेटतात. अहो, अंड्यांच्या ट्रेने 56 हर्ट्झच्या लाटेचं काहीही वाकडं होत नाही. तिला अडवायला फूटभर जाडीचे शोषक कोपऱ्यांत उभे करावे लागतात, आणि मग कपाट कुठे ठेवायचं? स्पीकर मोठे केले की खालच्या काकू वर येतात. त्यांच्या घरी तान्हं बाळ आहे, त्यांचं बरोबरच आहे. म्हणून रात्री आवाज बारीक. आणि बारीक आवाजात कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 सालीच मोजून दाखवलंय.

म्हणून दुसऱ्याचे कान लागतात. दुसऱ्याची खोली, दुसऱ्याची गाडी, दुसऱ्याचे इअरफोन. हौस म्हणून नाही विचारत मी!

आणि मिळतं काय? एकाने गर्दीच्या लोकलमध्ये, मुलुंड ते ठाणे, फोनच्या स्पीकरवर ऐकून कळवलं, ‘बास कमी आहे’. फोन कितीही महागाचा असो, त्यातून 55 हर्ट्झ बाहेर पडत नाही. फोनवर ऐकायला माझी हरकत नाही, उलट बासच्या वरच्या खरखरीचा अंदाज तिथेच येतो. पण मग सांग ना बाबा, की फोनवर ऐकलं! मी त्याच्या शब्दावर बास वाढवला असता तर गाडीत ऐकणाऱ्याचे दरवाजे थरथरले असते. दुसरा म्हणतो, ‘मडी आहे.’ म्हणजे चिखल झालाय. कुठे? ‘ओव्हरऑल.’ ओव्हरऑल म्हणजे कितव्या सेकंदाला? तिसऱ्याला ते मोठ्या बँडइतकं मोठ्याने वाजत नाही याचं दुःख. अरे, ते मास्टरिंगचं, म्हणजे मिक्सनंतरच्या शेवटच्या टप्प्याचं काम, आणि स्पॉटिफाय तर सगळ्यांचाच आवाज उणे 14 एलयूएफएसच्या (हे आवाजाच्या मोठेपणाचं माप) आसपास आणून ठेवतं.

सगळ्यात जास्त चीड येते ती ज्यांना कळतं त्यांची. स्टुडिओत बसणारी माणसं. वीस सेकंद ऐकतात आणि विचारतात, ‘अँप सिम्युलेटर (गिटारच्या अँपची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) कोणता वापरलास?’ नाहीतर ‘स्टेम्स (वाद्यांच्या वेगवेगळ्या फाइल्स) पाठव, करून देतो, इतके होतील.’ पैसे घेऊन काम करा, अवश्य करा, पण त्याला अभिप्राय म्हणू नका. तुम्हाला ऐकताक्षणी चूक कळते, मला माहितेय. एक ओळ लिहायला काय जातं तुमचं?

आमच्या बिल्डिंगमध्ये ढोल-ताशा पथकात ताशा वाजवणारी एक मुलगी आहे. मेटल तिला अजिबात आवडत नाही. तिने हेडफोन घातले, पूर्ण गाणं ऐकलं, मग तो भाग परत लावायला सांगितला आणि म्हणाली, ‘दादा, इथे तुझा तो पायाचा ढोल नुसता टकटक करतो, धप्प येतच नाही.’ बस! नेमकं हेच मला हवं होतं. बीटरची, म्हणजे किकवर आपटणाऱ्या दांडीची टकटक तीन-चार हजार हर्ट्झवर गिटारमधून वाट काढून येत होती आणि खालचा दणका गिटार गिळत होती. त्याच रात्री गिटारचा तळ अजून वर कापला आणि दणका आला.

आणि तुम्ही? वर्षानुवर्षं मेटल ऐकता, पहिल्या कॉर्डला बँड ओळखता, कॉन्सर्टला पहिल्या रांगेत मान हलवता, आणि तुम्हाला हे ऐकू आलं नाही? आलं असेल. तुम्ही पूर्ण ऐकलंच नसेल.

नवीन मिक्स आज रात्री पाठवतोय. कितव्या मिनिटाला, कोणतं वाद्य, आणि कशावर ऐकलंत, एवढं लिहा. वाईट असेल तर वाईट लिहा, मी रडणार नाही. आणि ऐकायला वेळ नसेल तर ‘ऐकलं नाही’ असं सरळ लिहा. त्याचा मला राग येणार नाही.