फ्लॅशने रात्र मरते का? यवतेश्वर घाटातल्या फोटोवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. रात्री फ्लॅशने माणसाचा फोटो कसा काढायचा, यावर नवख्यांसाठी मी लेख लिहिला आणि त्यात मागे साताऱ्याचे दिवे असलेला आत्याचा फोटो टाकला. त्याखाली तुम्ही लिहिलंत, "फ्लॅश मारला की रात्र मरते. चेहरा मागच्या दिव्यांवर कापून चिकटवल्यासारखा दिसतोय. हल्ली मोबाईलचा नाइट मोड हे सगळं आपोआप करतो, नवख्या पोरांना कशाला घोळात घालता?" तुम्ही आयुष्यभर स्टुडिओ चालवलात, म्हणून दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं बरं वाटलं नाही.

चिकटवल्यासारखा दिसतोय हे अगदी खरं, आणि चूक माझी आहे. फ्लॅशच्या उजेडाचा रंग साधारण ५५०० केल्व्हिन (उजेडाचा रंग मोजायचं माप), म्हणजे दुपारच्या उन्हासारखा पांढरा. मागे साताऱ्याचे दिवे पिवळे. त्यामुळे आत्याचा चेहरा दुपारचा आणि शहर रात्रीचं, असे दोन प्रहर एकाच फोटोत आले. फ्लॅशवर नारंगी जिलेटिन, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावून कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (कुठला उजेड पांढरा धरायचा ते ठरवणारी सेटिंग) पिवळ्या बल्बच्या खुणेवर ठेवला असता, तर चेहऱ्याचा रंग जागेवर राहिला असता आणि मागचं उरलंसुरलं आभाळ आणखी निळं झालं असतं. जिलेटिन बॅगेत होतं. अंधार पडतोय या घाईत लावलं नाही.

पण फ्लॅशने रात्र मरते, हे मला पटत नाही. घाटातल्या त्या वळणावरून शहर किती लांब आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे. फ्लॅशचा उजेड अंतर दुप्पट झालं की पाव होतो. पाच फुटांवरच्या आत्याला जेवढा मिळाला, त्याचा पाव भाग दहा फुटांवर. खालच्या राजवाड्यापर्यंत काय पोचणार? मागचे दिवे विझवतं ते शटर, म्हणजे उजेड आत घ्यायला कॅमेरा जेवढा वेळ उघडा राहतो तो वेळ. कॅमेरा ऑटोवर ठेवून फ्लॅश मारला की तो बहुधा १/६० सेकंदाच्या आसपास शटर धरतो, तेवढ्यात शहराचा उजेड आत येतच नाही, आणि माणूस काळ्या पडद्यासमोर उभा केल्यासारखा दिसतो. लग्नातले तसले फोटो बघून बघूनच फ्लॅश बदनाम झालाय.

आत्याच्या फोटोत शटर १/८ सेकंद होतं, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) २.८, आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) ४००, कॅमेरा स्टँडवर. फ्लॅश कॅमेऱ्यापासून बाजूला, पूर्ण ताकदीच्या १/६४ वर, पुढे पांढरा रुमाल. चेहरा फ्लॅशने उजळायचा आणि शहर शटरने, दोन्ही वेगवेगळं ठरवता येतं. मला नवख्यांना सांगायचं होतं ते एवढंच, आणि ते मी नीट सांगितलं नव्हतं.

पदराच्या कडेला दिव्यांची झालर दिसते, तीही तुम्ही बरोबर पकडलीत. फ्लॅश लखकन उडून जातो, पण शटर त्यानंतरही उघडं असतं. घाटात वारा होता. पदर हलला की त्याच्या जागी मागचे दिवे उमटतात. पहिल्या दोन फोटोंत तर पदरातून आरपार दिवे दिसत होते, जणू आत्या काचेची. फ्लॅश उडाला की फोटो झाला असं वाटून तिने लगेच मान वळवली होती. मग मी म्हणालो, "आत्या, मी 'झालं' म्हणेपर्यंत हलू नकोस." तिने पदर कमरेला घट्ट खोचला आणि म्हणाली, "अजिंक्यतारा येतोय ना मागं? मग काढ." तोच फोटो टाकलाय.

मोबाईलबद्दल. नाइट मोड मी रोज वापरतो, पोवई नाक्यावर किंवा दुकानाच्या उजेडात तो झकास चालतो. पण तो बऱ्याच फ्रेम एकावर एक बसवतो, आणि चेहऱ्यावर मुळात उजेडच नसेल तर अंधारातून खेचून काढलेली कातडी मेणासारखी गुळगुळीत होते. आत्याच्या कपाळावरच्या आठ्या आणि गोंदण त्यात पुसून गेलं असतं. ते मला नको होतं. मोबाईलच असेल तर दुसऱ्याच्या मोबाईलचा टॉर्च रुमालाआडून बाजूने चेहऱ्यावर धरायचा. नवख्यांना ते आज रात्रीच जमेल.

वेळेचं मात्र मूळ लेखात राहूनच गेलं. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि घाटातून शहर पूर्वेला, म्हणजे आभाळ त्या बाजूला आधी गडद होतं. सव्वासहा ते साडेसहा, एवढाच वेळ डोंगराची कड दिसते आणि दिवेही लागलेले असतात. नंतर अजिंक्यतारा आभाळात मिसळून जातो. आणि गाडी रुंद जागीच लावा रे पोरांनो, वळणावर स्टँड मांडू नका.

काल आत्याला पुन्हा घेऊन गेलो होतो. जिलेटिन लावून काढलेला फोटो जुन्याच्या खाली टाकलाय, जुना तसाच ठेवलाय, म्हणजे फरक कळेल. रंग आता जुळलाय असं मला वाटतं. पण हनुवटीखालची सावली अजून खटकते. फ्लॅश आणखी वर धरू की समोर कुणाला पांढरा कागद धरायला लावू? बघून सांगा.